ड्राफ्टसाठी मुद्दाम हरावं का?

फिलीकर:
एनबीएत, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमध्ये, तळाला राहणाऱ्या संघांना पुढच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या पोरांच्या निवडीत, आधी नंबर लागण्याची संधी जास्त असते. त्यामुळे हंगाम हातचा गेला की काही संघ मुद्दाम हरायला लागतात. याला टँकिंग म्हणतात. मी फिलाडेल्फियाजवळ राहतो, इथल्या सिक्सर्स संघाचा चाहता आहे, आणि माझं मत आहे की हे करू नये.

२०१३ मध्ये सॅम हिंकी सिक्सर्सचे जनरल मॅनेजर झाले. चांगले खेळाडू देऊन त्यांनी पुढच्या ड्राफ्टमधल्या निवडी गोळा केल्या. त्यानंतरचे तीन हंगाम: ८२ पैकी १९ विजय, मग १८, मग १०. पहिल्याच हंगामात सलग २६ पराभव. माझा मुलगा तेव्हा सात वर्षांचा होता. एका रात्री आपण दोन गुणांनी पुढे, शेवटचं मिनिट, मी सोफ्यावरून उठून उभा. तो शेजारून म्हणाला, "बाबा, पण आज हरलो तर बरं ना?" मला उत्तर देता आलं नाही.

एवढं करून ड्राफ्टमध्ये एम्बीड मिळाला, २०२३ ला एमव्हीपी, म्हणजे हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू, झाला, हे मान्य. पण ओकाफोर, सिमन्स, फुल्ट्झ, तिघेही पहिल्या तीनात निवडलेले, तिघेही टिकले नाहीत. २०२५ पर्यंत संघ प्लेऑफच्या, म्हणजे बाद सामन्यांच्या, दुसऱ्या फेरीपुढे एकदाही गेला नाही.

डंकनभक्त:
फिलीकर, दुःख कळतं. पण निवडी चुकल्या त्याचं खापर पद्धतीवर का फोडता? १९९६-९७ ला सॅन अँटोनियोचा मुख्य खेळाडू डेव्हिड रॉबिन्सन जखमी होता, संघ ६२ सामने हरला. लॉटरीत, म्हणजे निवडीचा क्रम ठरवणाऱ्या सोडतीत, पहिला नंबर लागला, टिम डंकन आला, पुढे पाच विजेतेपदं. ओक्लाहोमा सिटी २०२०-२१ ला ७२ पैकी २२ जिंकले, पुढच्या वर्षी ८२ पैकी २४. २०२५ ला तेच विजेते.

मोठा खेळाडू आपणहून लॉस एंजेलिसला जातो, मायामीला जातो. ओक्लाहोमाला कोण येतो? लहान शहराच्या संघाने दरवर्षी चाळीस विजयांवर लोंबकळत राहायचं का? ना धड प्लेऑफ, ना धड निवड.

हिशेबनीस:
आकडे बघा. २०१९ पासून सगळ्यात वाईट तीन संघांना पहिल्या निवडीची संधी सारखीच, १४ टक्के. आधी तळाच्या संघाला २५ टक्के होती. २०१९ ते २०२५ या सात लॉटऱ्यांत तळाच्या संघाला पहिला नंबर एकदाही लागला नाही. डेट्रॉइट २०२३ आणि २०२४ दोन्ही वर्षी तळाला, दोन्ही वेळा पाचव्या नंबरवर. २०२५ ला यूटा तळाला, त्यांचाही पाचवाच. पहिल्या नंबरचा कूपर फ्लॅग गेला डॅलसला, ज्यांची संधी होती १.८ टक्के.

ओक्लाहोमाचं म्हणाल, तर त्यांचा मुख्य खेळाडू शे गिल्जस-अलेक्झांडर त्यांना अदलाबदलीत मिळाला आणि जेलन विल्यम्स बाराव्या नंबरवर. डेन्व्हरचा स्टार योकिच तर ४१वा निवडलेला.

फ्रीथ्रोवाली:
मी शाळेकडून जिल्हा पातळीवर बास्केटबॉल खेळायचे. शेवटचा साखळी सामना हरलो तर उपांत्य फेरीत सोपा संघ मिळणार होता. शेवटच्या मिनिटाला मला दोन फ्री थ्रो मिळाले. सरांनी बाकावरून नुसती मान हलवली. मी दोन्ही बोर्डावरून पार पलीकडे मारले. नंतर हात मिळवायच्या वेळी समोरच्या कॅप्टनने हात मागेच ठेवला. त्या मुलीचा चेहरा मला अजून आठवतो.

२०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये बॅडमिंटनच्या चार जोड्यांना याच कारणावरून हाकललं. ते योग्यच झालं.

डंकनभक्त:
ताई, तुमच्या बाबतीत झालं ते वाईटच. पण एनबीएत खेळाडू मुद्दाम चुकवत नाहीत. प्रत्येकाला पुढचा करार हवा असतो, तो जीव तोडूनच खेळतो. हरायचं ठरवतं व्यवस्थापन, कच्चा संघ उतरवून. ही गुंतवणूक आहे, फसवणूक नाही.

फिलीकर:
मग एप्रिल २०२३ चं डॅलस घ्या. प्ले-इनची, म्हणजे प्लेऑफआधीच्या पात्रता सामन्यांची, आशा अजून जिवंत होती. तरी शिकागोविरुद्ध त्यांनी आपल्या दोन स्टारपैकी कायरी आयर्विंगला बसवलं, डॉन्चिचला दुसऱ्या क्वार्टरच्या सुरुवातीलाच बाहेर काढलं. कारण त्यांची ड्राफ्टमधली निवड पहिल्या दहात राहिली नाही तर ती आधीच्या अदलाबदलीमुळे न्यूयॉर्कला द्यावी लागणार होती. लीगने साडेसात लाख डॉलर दंड केला. त्या रात्री तिकीट काढून पोराला डॉन्चिच दाखवायला आलेल्या बापाचं काय?

डंकनभक्त:
दंड झाला, खरं आहे. पण दहावी निवड राहिली, ती ओक्लाहोमाशी बदलून बाराव्यावर डेरेक लाइव्हली घेतला आणि पुढच्याच हंगामात डॅलस फायनलला पोचलं. तोच बाप तेव्हा नाचला असेल.

हिशेबनीस:
फायनलला पोचले ते डॉन्चिच आणि आयर्विंगमुळे आधी. माझ्या मते प्लेऑफ हुकलेल्या सगळ्या संघांना सारखी संधी द्या. हरण्यात फायदाच उरणार नाही.

डंकनभक्त:
१९८५ ची पहिली लॉटरी तशीच होती. सात संघ, सात पाकिटं, संधी सारखी. पहिल्या नंबरचा पॅट्रिक युइंग गेला न्यूयॉर्कला आणि तळाला बरोबरीत असलेल्या गोल्डन स्टेटला मिळाला सातवा नंबर. खरंच दुबळ्या असलेल्या संघाने मग कुणाच्या तोंडाकडे बघायचं, ते सांगा. म्हणून तर १९९० ला वजनाची, म्हणजे जास्त हरलेल्याला जास्त संधी देणारी, पद्धत आणावी लागली.