हापूसच्या संकेतस्थळावर बनावट मागण्या: बॉट कसे रोखावेत?

प्रश्न (देवगड)

नमस्कार. आमच्या बागेतील हापूस आम्ही स्वतःच्या संकेतस्थळावरून थेट ग्राहकांना विकतो. मागणी नोंदवली की मोबाइलवर ओटीपी जातो आणि पाच डझनाची पेटी राखून ठेवली जाते. गेल्या आठवड्यात एका रात्रीत दोनशेच्या वर मागण्या आल्या. सकाळी पाहतो तर सगळ्या पेट्या राखीव दिसत होत्या, पैसे एकाचेही आले नव्हते आणि संदेशांसाठी आगाऊ भरलेली रक्कमही संपली होती. खरे गिऱ्हाईक 'शिल्लक नाही' वाचून परत गेले. उतरवलेला आंबा तर थांबत नाही. हे बॉटचे, म्हणजे आपोआप चालणाऱ्या प्रोग्रामचे काम दिसते. मागण्या ज्या आयपी पत्त्यांवरून (इंटरनेट जोडणीच्या क्रमांकांवरून) आल्या ते अडवले, बॉटनी कुठे जाऊ नये हे सांगणाऱ्या रोबोट्स फाइलमध्ये मनाई लिहिली, तरी दुसऱ्या रात्री तेच घडले. आता काय करावे?

उत्तर १ (रत्नागिरी)

रोबोट्स फाइल ही १९९४ पासून चालत आलेली विनंती आहे. २०२२ मध्ये तिला आरएफसी ९३०९ या इंटरनेटच्या मानक दस्तऐवजाने प्रमाणित रूप मिळाले, पण ती प्रवेश रोखणारी व्यवस्था नाही, असे त्या दस्तऐवजातच नमूद आहे. ती पाळतात ते शोधयंत्रांचे सभ्य बॉट.

आयपी अडवण्यात तर आपलेच नुकसान होऊ शकते, कारण आपल्याकडे मोबाइल कंपन्या एकाच सार्वजनिक पत्त्यामागे असंख्य ग्राहक ठेवतात आणि हल्लेखोर मात्र पत्ते सहज बदलतो. २०१६ मधील मिराई बॉटनेट, म्हणजे हल्लेखोरांच्या ताब्यातील उपकरणांचे जाळे, मूळचे पासवर्ड न बदललेल्या कॅमेऱ्यांवर आणि राउटरवर उभे होते. म्हणजे वाईट रहदारी कुणाच्याही घरातून येऊ शकते.

त्यामुळे कोण आले हे शोधत बसण्यापेक्षा आपला पैसा आणि माल नेमका कोणत्या पायरीवर अडकतो ते पाहावे. तुमच्याकडे अशा दोन पायऱ्या आहेत. पेटी पैसे जमा झाल्यावरच राखावी, किंवा फार तर पंधरा मिनिटे धरून आपोआप मोकळी करावी. ओटीपी फक्त भारतीय क्रमांकांना पाठवावा, एका क्रमांकाला दिवसाला तीनच, आणि एकूण संदेशांवरही रोजची मर्यादा ठेवावी. हे नियम केवळ पानावर नव्हे, सर्व्हरवर लिहावेत, कारण अनेक बॉट पान उघडतच नाहीत, ते थेट सर्व्हरला विनंती पाठवतात.

उत्तर २ (मालवण)

आमच्या पर्यटक निवासाच्या आरक्षण अर्जात आम्ही माणसाला न दिसणारा एक रकाना ठेवला आहे. साधे बॉट दिसेल तो रकाना भरतात, म्हणून तो भरून आलेला अर्ज बाद होतो. तसले बॉट एवढ्यानेच थांबले. समोर माणूस आहे का हे तपासणारी, चित्रे ओळखण्याची कॅप्चा लावली होती, पण वयस्कर पाहुणे तिथेच अडू लागले, म्हणून काढून टाकली.

प्रश्नकर्ता (देवगड)

आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार. नोंदी तपासल्या; बरेचसे ओटीपी परदेशी क्रमांकांवर गेलेले आढळले. ते आज बंद केले आणि पेटीला पंधरा मिनिटांची मुदत लावली. लपवलेला रकाना उद्या बसवतो.

उत्तर १ (रत्नागिरी)

तो रकाना ब्राउझरने आपोआप भरू नये म्हणून त्याला नाव, पत्ता असे ओळखीचे नाव देऊ नका. नाहीतर खरीच मागणी बाद होईल. सर्व्हरच्या जुन्या नोंदीही पुसू नका, सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेकडे किंवा सायबर पोलिसांकडे तक्रार करायची झाल्यास त्याच लागतील.