नडगी, घोटा, बोट: छोट्या दुखापतीला विश्रांती किती आणि कशी? (अनुभव धागा)

भरतीची जाहिरात निघाली की धुळे, जळगाव, नंदुरबारच्या मैदानांवर पहाटेपासून पोरं-पोरी पळायला लागतात. 'पाय दुखस' म्हणत पळणं सुरूच राहतं आणि ऐन चाचणीच्या तोंडावर पाय टेकवत नाही. सराव घेणाऱ्यांनी, उपचार करणाऱ्यांनी लिहा: कुठल्या दुखण्याला थांबायचं, किती दिवस, परत सुरुवात कशी. नुसतं 'काळजी घ्या' नको.

भरतीचा सराव घेणारे, धुळे

१६०० मीटरवाल्यांचं पहिलं दुखणं नडगीचं. नडगीची आतली कड अंगठ्यानं वरून खाली दाबत या. चार-पाच बोटं लांबीची पट्टी दुखत असेल, तर हाडावर ताण आलाय. दोन आठवडे पळणं बंद, सायकल चालेल. पण रुपयाच्या नाण्याएवढ्या एकाच जागी कळ येत असेल, एका पायावर उडी मारताच ती उठत असेल किंवा रात्री पडल्या पडल्या ठणकत असेल, तर हाडाला बारीक चीर असू शकते. तेव्हा त्याच दिवशी पळणं थांबवा आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. पहिले दोन-तीन आठवडे ही चीर एक्स-रेत बहुतेकदा दिसतच नाही. त्यामुळे 'फोटोत काही नाही' म्हणून परत पळायला लागू नका. अशा चिरेला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात. अंगावर काढलं तर हाड आरपार मोडतं.

फिजिओथेरपिस्ट, जळगाव

मुरगळलेला घोटा चोळून घ्यायची आपल्याकडे फार घाई. पहिले तीन दिवस तेल, शेक, मालीश काही नको, आणि कुणाकडून पाय ओढूनही घेऊ नका. फाटलेल्या तंतूंतून आत रक्त झिरपत असतं, चोळलं की ते वाढतं. बर्फ रुमालात गुंडाळून १५ मिनिटं, दोन-तीन तासांनी पुन्हा. दहा सेंटिमीटर रुंदीचं क्रेप बँडेज बोटांच्या मुळापासून वर, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा चढवत, घोट्याभोवती मराठी चारच्या आकड्यासारखं फिरवून बांधा. बोटं निळसर पडली, मुंग्या आल्या तर लगेच सोडा. झोपताना पाय उशीवर ठेवा, बँडेज काढा.

चार पावलंही टाकता येत नसतील किंवा घोट्याच्या हाडावरच दाबून दुखत असेल, तर एक्स-रे काढाच.

सूज उतरली म्हणजे घोटा बरा झाला असं नाही. भिंतीजवळ उभं राहून दुखऱ्या पायावर ३० सेकंद तोल सांभाळता येईना, तोवर मैदान नको. तोल न येताच खेळायला उतरलेल्यांचा तोच घोटा पुन्हा मुरगळतो.

कबड्डी शिकवणारे, चोपडा

बोटाचंही लिहितो, कारण बोटाकडे कुणी बघतच नाही. पकडीत किंवा चेंडू लागून बोटाचं टोक खाली लोंबलं आणि आपलं आपण सरळ होईना, तर वरचा स्नायुबंध तुटलेला असतो. आधी अंगठी काढा, सूज आल्यावर निघत नाही. डॉक्टर टोकाला सरळ पट्टी लावतात ती सहा ते आठ आठवडे, रात्रंदिवस. आंघोळीला पट्टी बदलताना बोट टेबलावर सपाट टेकवूनच बदला. टोक एकदा जरी वाकलं तरी दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजावे लागतात.

औषध दुकान, शहादा

डायक्लोफिनॅकची (दुखणं दाबणारी) गोळी घेऊन पळू नका, ही कळकळीची विनंती. गोळीनं चीर भरत नाही, फक्त इशारा बंद होतो. त्यात आपला एप्रिल-मे! घामानं अंगातलं पाणी गेलेलं असताना या गोळ्यांचा मूत्रपिंडावर ताण येतो. रिकाम्या पोटी तर नकोच.

सराव मैदान सांभाळणारे, अमळनेर

काळी माती उन्हाळ्यात तडकते, भेगांत टाच अडकून घोटा जातो. पळण्याआधी पट्टा चालून बघा, भेगा मुरमानं बुजवा. डांबरी रस्ता हा पर्याय नाही, नडगीला तो कडकच.

पुन्हा धुळे

परत सुरुवात कशी, ते राहिलं होतं. आधी ३० मिनिटं भरभर चालून काही दुखत नाही ना, ते पाहा. मग एक मिनिट हळू पळणं, एक मिनिट चालणं, असं दहा वेळा, एक दिवसाआड. दुसऱ्या दिवशी सकाळी खाटेवरून उतरताना पहिल्या पावलाला दुखलं, तर आदल्या दिवशीचं जास्त झालं. दोन दिवस थांबून एक पायरी खाली या. घड्याळ लावून १६०० मीटर सगळ्यात शेवटी.