मदत हवी आहे: गेटो बॉइज नेमके कशामुळे विस्कटले?

मंडळी, अमेरिकेतल्या ह्यूस्टनच्या गेटो बॉइज या रॅप गटावर थोडं लिहितोय. १९९० साली गेफन कंपनीने त्यांचा अल्बम वितरित करायला नकार दिला, आणि पुढच्याच वर्षी त्यांचं 'माइंड प्लेइंग ट्रिक्स ऑन मी' हे गाणं बिलबोर्ड हॉट १०० या अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत थेट २३व्या क्रमांकावर! गुन्हेगारी जगाबद्दलच्या गँगस्टा रॅपमध्ये बढाया सोडून मनातल्या भीतीबद्दल बोलायचं, हे मला तरी खरं धाडस वाटतं. मग गटातला रॅपर विली डी बाहेर पडला, १९९६ला परतला, पण ती धग काही परत आली नाही.

गटातला दुसरा रॅपर स्कारफेस एकटाच मोठा झाला म्हणून असं झालं, की रॅप-अ-लॉट या त्यांच्या रेकॉर्ड कंपनीने बांधलेली मोट मुळातच सैल होती? आणि विली डीशिवायचा १९९३चा अल्बम कुणी नीट ऐकलाय का? तो वगळला तर चालेल?