टॉवर नसलेल्या धावपट्टीवर थेट फायनलला यायला बंदी हवी का?

घोडबंदरकर (ठाणे)
काल कासारवडवलीला पाऊण तास अडकलो आणि शेजारच्या सीटवरच्या मित्राशी वाद झाला. त्याचं म्हणणं, बारामतीसारख्या छोट्या धावपट्ट्यांवर पोरं विमान शिकतात, तिथे टॉवर, म्हणजे रेडिओवरून विमानांना परवानगी देणारा नियंत्रण मनोरा, नसेल तर सगळा रामभरोसे कारभार.

मी तरुणपणी अशाच एका धावपट्टीवर चाळीसेक तास उडालोय. (पैसे संपले, स्वप्नही संपलं. असो.) रामभरोसे नसतं. सर्किट असतं, म्हणजे धावपट्टीभोवतीची ठरलेली चौकोनी फेरी. धावपट्टीला समांतर पण उलट दिशेने जायचं ते डाउनविंड, डावीकडे वळलं की बेस, पुन्हा डावीकडे वळलं की फायनल, म्हणजे धावपट्टीकडे उतरत जाणारी शेवटची सरळ वाट. उंची साधारण हजार फूट. प्रत्येक वळणावर रेडिओवर आपण कुठे आहोत ते सांगायचं. सगळे याच रांगेत असले की पुढे कोण, मागे कोण ते दिसतं.

घोळ होतो तो रांग न धरता लांबून सरळ फायनलला घुसणाऱ्यामुळे. १८ ऑगस्ट २०२२, कॅलिफोर्नियातलं वॉटसनविल. छोटं सेसना १५२ सर्किटमध्ये, आणि दोन इंजिनांचं सेसना ३४० लांबून सरळ येतंय, तेही १८० नॉटच्या (ताशी ३३० किलोमीटरच्या) आसपास. दोघंही रेडिओवर बोलत होते. छोट्या विमानाच्या पायलटने मागचा फार वेगात अंगावर येतोय हे बोलूनही दाखवलं. तरी धडकले, तीन माणसं गेली.

माझ्याबाबतीत थोडक्यात निभावलं. बेसवर होतो. फायनलला येणारा उजवीकडून येतो, आणि उजव्या सीटवर इन्स्ट्रक्टर, धिप्पाड माणूस. त्यांच्या खांद्याच्या वर काचेवर एक चिलट चिकटलेलं दिसत होतं. हलत नव्हतं, म्हणून मी लक्ष दिलं नाही. ज्याच्याशी टक्कर होणार ते विमान काचेवर हलत नाही, एकाच जागी राहून मोठं होतं, हे पुस्तकात वाचलेलं होतं. त्या क्षणी आठवलं नाही. सरांनी कंट्रोल हातातून ओढून घेतला आणि ते चिलट आमच्या डोक्यावरून गेलं. तो दुसऱ्याच फ्रिक्वेन्सीवर बोलत होता.

तर माझं मत: टॉवर नाही तिथे थेट फायनल बंद. सगळ्यांनी सर्किटमध्येच यायचं.

ब्लॉक_सेक्शन (कळवा)
साफ असहमत. ३४ वर्षं रेल्वेत काढली. आमच्याकडे डोळ्यांवर आणि तोंडी निरोपावर गाडी सोडत नाहीत. सिंगल लाइनवर टोकनचा गोळा, म्हणजे पुढे जायचा परवाना, हातात आल्याशिवाय ड्रायव्हर पुढचा सेक्शन धरायचा नाही. गोळा एक, गाडी एक. तुमच्या गोष्टीत गोळा कुठाय? प्रत्येक जण आपापला स्टेशन मास्तर! आधी टॉवर बांधा, मग सर्किटचं बोलू.

जुना_नियंत्रक (वाशी)
काका, मी टॉवरमध्येच बसायचो, म्हणून सांगतो. वॉटसनविलच्या महिनाभर आधी, १७ जुलै २०२२ ला नॉर्थ लास वेगासला अशीच टक्कर झाली, चार जण गेले. तिथे टॉवर होता. पायपर विमानाला डावी धावपट्टी दिली होती, तो उजवीच्या रांगेत गेला, आणि तिथे सेसना होतं. जानेवारी २०२५ ला वॉशिंग्टनमध्ये हेलिकॉप्टर आणि प्रवासी विमान धडकून ६७ जण गेले, तिथे तर भरभक्कम टॉवर. छोट्या टॉवरमध्ये रडार असेलच असं नाही. अनेकदा दुर्बीण, कान आणि डोक्यातलं चित्र एवढ्यावरच काम चालतं. तुमचा गोळा ड्रायव्हर हातात धरतो. आमचा गोळा नुसता शब्द.

पण घोडबंदरकर, तुमचंही पटलं नाही. छोटं जेट १२० नॉटने येतं, तुमचं सेसना ६५ ने. त्याला तुमच्या रांगेत उभं केलंत तर तो डाउनविंडवरच तुमच्या पाठीवर चढेल. घोडबंदर रोडवर कंटेनर आणि स्कूटर एका लेनमध्ये घालून कोणाचं भलं झालंय?

घोडबंदरकर
जेटला वेगळं सर्किट द्या ना. अमेरिकेत मोठ्या आणि टर्बाइन विमानांना दीड हजार फुटांवरून सर्किट करायची शिफारस आहे. वर आणि बाहेरून फिरा, वेग उतरवा, मग या. दोन-चार मिनिटं जास्त लागतील, इंधन जळेल. जळू दे.

जुना_नियंत्रक
आणि पेशंट घेऊन येणारा? तोही प्रदक्षिणा घालणार? सरसकट बंदी घातली की पहिल्याच महिन्यात अपवादांची यादी निघते, आणि यादीतला प्रत्येक जण आपल्यालाच हक्क आहे म्हणून येतो. त्यापेक्षा सरळ येणाऱ्यानेच थांबायचं, सर्किटमधल्याला आधी उतरू द्यायचं, एवढंच ठेवा.

ऐरोलीची_आई
नमस्कार. माझी मुलगी सीपीएलसाठी (व्यावसायिक पायलटच्या परवान्यासाठी) विदर्भात शिकतेय. वाचून पोटात गोळा आला (काकांचा नव्हे). लाखांनी फी भरलीय. मग प्रत्येक विमानात आजूबाजूची विमानं दाखवणारं यंत्र का नाही बसवत? माझ्या मोबाइलवर खाली रिक्षा कुठे पोचली ते दिसतं!

सीवूड्स_स्क्वॉक
ताई, एडीएस-बी नावाचं तेच यंत्र आहे. पण त्यात जो स्वतःची जागा प्रसारित करतो तोच दिसतो. अमेरिकेत १ जानेवारी २०२० पासून बरंच सक्तीचं झालं, तरी सगळ्या आकाशात नाही. मोठ्या विमानांतलं टीकॅस हे टक्कर टाळणारं यंत्र 'वर जा, खाली जा' सांगतं, पण जमिनीपासून साधारण हजार फुटांच्या खाली ते असा आदेश देत नाही. म्हणजे सर्किटमध्ये, जिथे गर्दी, तिथेच गप्प. आणि विद्यार्थ्याने डोकं खाली घालून पडदा बघत बसणं हा वेगळाच धोका. दुसरं विमान दिसल्यापासून आपलं विमान प्रत्यक्ष वळेपर्यंत साडेबारा सेकंद जातात असं अमेरिकी मार्गदर्शक सांगतात.

ब्लॉक_सेक्शन
अच्छा! म्हणजे टॉवर चुकतो, यंत्र गप्प बसतं, म्हणून डोळ्यांवर सोडा? १२ नोव्हेंबर १९९६ ला चरखी दादरीवर हवेत दोन विमानं धडकून ३४९ माणसं गेली, त्यानंतर आपल्याकडे टीकॅस सक्तीचं झालंच ना? तेव्हा कोणी 'पायलटने नीट बघावं' म्हणून फाइल बंद केली नाही.

जुना_नियंत्रक
हे मात्र मान्य. दादरीचं उदाहरण काढलंत तर त्याच्या बरोबर आठवडाभरानंतरचं सांगतो. १९ नोव्हेंबर १९९६, इलिनॉयमधलं क्विन्सी, टॉवर नाही. उतरणाऱ्या प्रवासी विमानाने विचारलं, दुसऱ्या धावपट्टीवरून उडायला निघालेलं छोटं विमान, किंग एअर, थांबतंय का? उत्तर आलं, ते तिसऱ्याच विमानाचं. यांना वाटलं किंग एअर बोलला. वर कॉकपिटमधल्या इशाऱ्याच्या आवाजात त्यातलं अर्धं बुडालं. दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात तिथे धडकले, १४ जण गेले. रेडिओवर दोघांनी एकदम बटण दाबलं की नुसती शिट्टी वाजते, हे तरी कळतं. चुकीच्या माणसाचं बरोबर वाटणारं उत्तर कळत नाही.

पतंगमांजा (उलवे)
आमच्या विमानतळाला टॉवर आहे. तुमचं चालू द्या.

घोडबंदरकर
उलव्याला कोणी सर्किट शिकायला जात नाही हो. इथे चाललंय ते शिकाऊ पोरांचं.

नियंत्रकसाहेब, क्विन्सीचं ऐकून माझी बंदी थोडी सैल करतो. पेशंटला सूट. बाकी कोणी 'वेळ वाचतो' म्हणून सरळ आला तर त्याला परत वर पाठवायचा. आवाजावर विसंबायचं नाही हाच मुद्दा असेल, तर सगळे एकाच वाटेने यायला हवेत, म्हणजे कुठे बघायचं हे तरी ठरलेलं असेल. काका, माझ्या हातात गोळा तेवढाच आहे.

ऐरोलीची_आई
आत्ताच मुलीशी बोलले, हा सगळा वाद वाचून दाखवला. ती हसली. म्हणाली, "आई, बेसला वळल्यावर मी दरवेळी सांगते, सर, जरा मागे टेका, मला उजवीकडचं बघायचंय. पहिल्यांदा सांगताना लाज वाटली होती. आता मी तोंड उघडायच्या आधीच ते टेकतात."

ब्लॉक_सेक्शन
पोरीला शाबासकी सांगा. टॉवर मात्र हवाच.