मुळशी खोऱ्यातला उताराचा प्लॉट: ३ मीटर कापणीला दगडी भिंत पुरेल का?

प्रश्न: वर मुरूम, खाली कच्चा खडक. घरासाठी मागच्या बाजूला ३ मीटर उभी कापणी लागेल. काळ्या दगडाची संरक्षक भिंत चालेल का? पाया किती रुंद?

उत्तर १: चालेल. पायाशी रुंदी उंचीच्या निम्मी ते दोन तृतीयांश, म्हणजे १.५ ते २ मीटर. माथ्याला ६० सेंमी. पाया मुरमावर थांबवू नका, खडकात उतरवा. पोकलेन लावून सगळी कापणी एकदम केली की उतार सुटतो. ४-५ मीटरचे तुकडे, एक सोडून एक घ्या. भरावासकट काम मेअखेर संपलंच पाहिजे.

उत्तर २: भिंत पडते ती बहुतेक वेळा पाण्यामुळे. मागे ३ मीटर पाणी तुंबलं तर तळाशी दर चौरस मीटरला ३ टन दाब येतो. मागे ३०-४५ सेंमी खडी भरा. खडी आणि मुरूम यांच्यात जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं कापड) हवं, नाहीतर माती शिरून खडी बुजते. पाणी निघायला भिंतीतून आरपार १०० मिमी पीव्हीसी पाइप दीड-दीड मीटरवर, उतार बाहेर. माथ्यामागे पक्का चर काढाच.

उत्तर १: बरोबर. माथ्यालगत गाडी उभी राहणार असेल तर मात्र इंजिनीअरकडून डिझाइन घ्या. मुरूम प्लॉटबाहेर न्यायचा असेल तर आधी तहसील कार्यालयाचा गौण खनिज परवाना.