मदत हवी आहे: घरी तेलुगू बोलणाऱ्या मुलांसाठी मराठी शब्दकोडी कशी करावीत?

नमस्कार मंडळी,

मी सोलापुरात पूर्व भागातल्या एका मराठी शाळेत ५ वी-६ वीला मराठी शिकवते. वर्गातल्या बऱ्याच मुलांच्या घरी तेलुगू बोलतात, काहींकडे कन्नड. कुणाची आई विड्या वळते, कुणाचे वडील यंत्रमागावर. मुलं हुशार आहेत, बाजारात फडाफडा मराठी बोलतात, पण पुस्तकी शब्द आला की अडतात. अर्थ पाठ करतात आणि परीक्षा झाली की विसरतात.

म्हणून शब्दकोडी सुरू केली. मधल्या सुट्टीतही फळ्यापुढे घोळका असतो, इतकी ती आवडली आहेत. चौकटीत लपलेले शब्द शोधायचा प्रकार मात्र मी बाजूला ठेवला. त्यात नुसती अक्षरं जुळवून, अर्थ न कळताही शब्दाला गोल करता येतो. आडव्या-उभ्या शब्दांच्या कोड्यात तसं जमत नाही, म्हणून तेच पुढे न्यायचं आहे.

खरी अडचण संकेतांची आहे. 'कापड विणायचं यंत्र' म्हटलं की 'माग' लगेच येतो. पण 'उत्कंठा'ची व्याख्या दिली की व्याख्येतलेच शब्द जड होतात. सध्या मी गाळलेल्या जागेचं वाक्य देते: 'गड्ड्याची जत्रा कधी सुरू होते याची सगळ्यांना ____ लागली होती.' इथे 'ओढ'सुद्धा बसते, पण चौकोन ३ आहेत, त्यामुळे मुलं थांबून विचार करतात. शिवाय 'लागली होती'वरून शब्द स्त्रीलिंगी आहे हेही कळतं. तेलुगूत वस्तूंना मराठीसारखी तीन लिंगं नसतात, त्यामुळे 'तो-ती-ते' हा या मुलांचा रोजचा झगडा आहे. 'औदार्य', 'संयम' अशा शब्दांसाठी तुम्ही कसे संकेत देता? आणि तोच शब्द आठवड्याने नव्या वाक्यात परत द्यावा का?

दुसरं म्हणजे मांडणी. ऑनलाइन कोडं करायला गेलं की काना-मात्रा वेगळ्या चौकोनात पडतात, जोडाक्षर फुटतं. हाताने आखायला फार वेळ जातो.

प्रतिसाद:
ताई, एक्सेलमध्ये करा. एका चौकोनात 'ड्डा' अख्खं टाइप होतं, काहीही फुटत नाही. चौकोनांना रेषा द्या, क्रमांक घाला, अक्षरं पुसून प्रिंट काढा. मात्र जुळणारं अक्षर मात्रेसकट तेच हवं, 'ति'वर 'ती' चालत नाही. म्हणून आधी जोड्या काढून ठेवा: 'माग'च्या 'ग'वरून 'गड्डा' खाली उतरतो, 'चटणी' आणि 'पाणी' दोन्ही 'णी'वर मिळतात. शब्द नक्की परत द्या, पण वाक्य बदलून. अमूर्त शब्दाला व्याख्या नकोच, प्रसंग द्या: 'भूक लागलेली असताना त्याने अर्धी भाकरी दुसऱ्याला दिली. हे त्याचं ____.' शिवाय धोटा, कांडी, ताणा, बाणा या मागावरच्या शब्दांचे संकेत मुलांनाच लिहू द्या, ते शब्द त्यांच्या घरातले आहेत.

धागाकर्ती:
मनापासून आभार! 'ताणा-बाणा' तर 'णा'वर आपोआप मिळतात, सोमवारी तेच कोडं लावते. अजून एक विचारायचं होतं. काही मुलं एकमेकांना संकेत तेलुगूत समजावून सांगतात आणि मग उत्तर मराठीत लिहितात. मला ते चांगलं वाटतं, पण वर्गात फक्त मराठीच बोलावं असा आग्रह सहकारी धरतात. दोन भाषांच्या वर्गात शिकवणाऱ्यांनी त्यांचा अनुभव सांगावा.