मदत हवी आहे: केनियाची राज्यघटना आणि गुन्ह्याचा आरोप असलेला राष्ट्रपतिपदाचा उमेदवार

नमस्कार मंडळी, लॉच्या शेवटच्या वर्षाला आहे, कम्पॅरेटिव्ह कॉन्स्टिट्यूशनचं प्रेझेंटेशन आहे आणि मी हौसेने केनिया घेतलंय (सगळे अमेरिका आणि ट्रम्पच घेतात म्हणून). तर २०१३ मध्ये उहुरू केन्याटा आणि विल्यम रुटो दोघांवर हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयात २००७-०८ च्या निवडणुकीनंतरच्या हिंसाचाराबद्दल मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांचे आरोप होते, तरी दोघं (केन्याटा राष्ट्रपती आणि रुटो उपराष्ट्रपतिपदासाठी) उभे राहिले आणि निवडूनही आले.

आता त्यांची २०१० ची राज्यघटना बघितली तर कलम ९९ प्रमाणे किमान सहा महिन्यांची कैद झाली तरच अपात्र, आणि तेही अपील वगैरे सगळे मार्ग संपल्यावर, म्हणजे नुसता आरोप असेल तर काहीच अडत नाही, इथपर्यंत कळलं. आपल्याकडेही साधारण तसंच, लोकप्रतिनिधित्व कायद्यात शिक्षा झाल्यावरच अपात्रता, फक्त आपल्याकडे अपील चालू आहे म्हणून आपोआप सुटका नाही.

माझी गाडी अडलीय ती केनियाच्या घटनेतल्या प्रकरण सहावर. त्यात नेत्यांच्या सचोटीबद्दल एवढं लिहिलंय, मग त्याचा उपयोग काय? या दोघांच्या उमेदवारीला आव्हान दिलं तेव्हा फेब्रुवारी २०१३ मध्ये तिथल्या हायकोर्टाने तर राष्ट्रपती निवडणुकीचा वाद सुप्रीम कोर्टाचा म्हणून हात झटकले, मला तरी ती पळवाटच वाटली.

कोणी यावर वाचलंय का? सचोटीच्या मुद्द्यावर नंतर एखादा उमेदवार खरंच बाद झाला का, कुठल्या निकालापासून सुरुवात करू? नैरोबीत राहणारं कोणी असेल तर प्लीज सांगा.